पुठ्ठ्याच्या तुकड्याला लाखोंचा भाव : पिट्सबर्गच्या कार्डबाजारातून आपण काय घ्यावे?

व्यापारी बंधूंनो, मालाची किंमत त्याच्या लागतीवरून निघते, हे आपण लहानपणापासून दुकानात बसून शिकलो. सुताचा भाव, रंगाई, मजुरी, वाहतूक, दलाली आणि त्यावर वाजवी नफा, एवढे मांडले की दर तयार होतो. परंतु दुनियेत एक बाजार असा आहे, जिथे हा हिशेब कामाला येत नाही. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे एका खेळाडूचे चित्र, मागे त्याची थोडी माहिती. लागत अगदी किरकोळ. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये अशाच एका, मापाने याहूनही लहान तुकड्याचा सौदा ७२ लाख ५० हजार डॉलरला झाला.

त्या तुकड्यावर होनस वॅग्नर यांचे चित्र आहे. ते अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या बेसबॉल संघाचे खेळाडू होते. अमेरिकेत खेळाडूंची कार्डे जमवण्याचा शौक जुना आहे आणि त्याचा रीतसर बाजार आहे. त्या बाजारात गिऱ्हाइकांचा एक वर्ग असा आहे, की तो फक्त आपल्या शहराच्या संघांचीच कार्डे घेतो. बाकीच्यांकडे पाहतही नाही. आजचा लेख याच वर्गाविषयी आहे. आपण हा धंदा सुरू करावा असा माझा आग्रह नाही. परंतु टंचाई, साठेबाजी, मालाची पारख आणि जबान या चार गोष्टींचा परिणाम या बाजारात इतका उघड दिसतो, की कपड्याच्या, चामड्याच्या, भांड्याच्या, कोणत्याही व्यापाऱ्याने तो एकदा नजरेखालून घालावा.

पोलादाचे शहर आणि त्याचे तीन संघ

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्यातील शहर. तेथे अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहिला या दोन नद्या मिळतात आणि पुढे ओहायो नदी होते. आसपास कोळशाच्या खाणी असल्यामुळे येथे पोलादाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. युरोपातील गरीब देशांतून मजूर आले आणि भट्ट्यांवर राबू लागले. १९५० च्या शिरगणतीत शहराची वस्ती ६,७६,८०६ होती. १९८० नंतरच्या दशकात पोलादाचा धंदा बसला. जवळच्या होमस्टेडचा प्रसिद्ध कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. बरेच लोक उपनगरांत गेले, बरेच रोजीसाठी दुसऱ्या राज्यांत गेले. २०२० मध्ये शहराची वस्ती ३,०२,९७१ भरली. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगाव कसे रिकामे झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

शहर सोडून गेलेल्या माणसांनी बरोबर काय नेले? तर आपले संघ. पिट्सबर्गचे मोठे व्यावसायिक संघ तीन आहेत. बेसबॉलचा पायरेट्स १८८७ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये आला. अमेरिकन फुटबॉलचा स्टीलर्स १९३३ चा. त्याच्या नावातच पोलाद आहे. बर्फावरच्या हॉकीचा पेंग्विन्स १९६७ चा. तिन्ही संघांचे रंग एकच, काळा आणि सोनेरी. पायरेट्सनी जागतिक मालिका पाच वेळा जिंकली, स्टीलर्सनी सुपर बोल सहा वेळा, पेंग्विन्सनी स्टॅन्ली कप पाच वेळा. टेक्सास किंवा फ्लोरिडात राहणारा पोलाद कामगाराचा मुलगा बापाच्या शहराची आठवण म्हणून या काळ्या-सोनेरी संघांची कार्डे जमवतो. ही मागणी फायद्याच्या हिशेबातून आलेली नाही, आपलेपणातून आलेली आहे. बाजार पडला तरी ती पूर्ण बसत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

सिगारेटच्या पाकिटातले कार्ड

सुरुवातीला कार्ड हा स्वतंत्र माल नव्हता. सिगारेटचे पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तोच माल मागते, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात बेसबॉल खेळाडूंची पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून वाटली. संग्राहक या मालिकेला टी-२०६ म्हणतात.

होनस वॅग्नर हे खाण कामगाराचे चिरंजीव आणि त्या काळचे सर्वांत नामवंत खेळाडू. त्यांनी आपले चित्र छापण्यास हरकत घेतली आणि त्यांचे कार्ड छापणे लवकरच थांबले. कारणे दोन सांगितली जातात. एक असे, की आपल्या चित्रासाठी मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्यांना पसंत नव्हते. दुसरे असे, की कंपनी मोबदला द्यायला तयार नव्हती. वॅग्नर स्वतः तंबाखू खात, म्हणून दुसऱ्या कारणावर विश्वास ठेवणारेही आहेत. कारण काहीही असो, आज या कार्डाच्या साधारण पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. त्याच मालिकेतील इतर साध्या खेळाडूंची कार्डे शंभर वर्षांहून जुनी असूनही सामान्य माणसाच्या ऐपतीत मिळतात. म्हणजे नुसते जुनेपण विकले जात नाही. मागणी मोठी आणि माल थोडा, हे दोन्ही जुळले तरच भाव चढतो.

या कार्डावर एक बारकावा आहे. खेळाडूच्या नावापुढे शहराचे नाव छापले आहे, पण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचे ‘एच’ अक्षर नाही. अडाण्याला वाटेल छपाईची चूक आहे. तसे नाही. अमेरिकन सरकारच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने १८९१ मध्ये ते अक्षर काढून टाकले होते आणि लोकांच्या आग्रहावरून १९११ मध्ये परत दिले. शहराचा जाणकार अशा एका अक्षरावरून मालाचा काळ ओळखतो. आपण नाही का ताग्याच्या काठावरचा शिक्का पाहून गिरणी सांगत होतो?

समुद्रात बुडवलेला माल

पुढे तंबाखू गेली आणि कार्डे च्युइंगमबरोबर येऊ लागली. न्यूयॉर्कच्या टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये ४०७ कार्डांची मोठी मालिका काढली. ही कार्डे टप्प्याटप्प्याने बाजारात येत. शेवटचा टप्पा, क्रमांक ३११ ते ४०७, बाजारात येईपर्यंत हंगाम सरत आला होता. दुकानदारांनी माल उचलला नाही. पेट्या गोदामात पडून राहिल्या. कंपनीचे साय बर्गर यांनी पुढे स्वतःच सांगितले, की तो माल कवडीमोलानेही कोणी घेईना, तेव्हा १९६० मध्ये जागा मोकळी करण्यासाठी पेट्या बोटीत भरून अटलांटिक समुद्रात टाकल्या.

पिट्सबर्गच्या संग्राहकाला हा समुद्र अजून महाग पडतो. कारण क्रमांक ३६९ वर डिक ग्रोट आहेत. पिट्सबर्गच्या परिसरातच वाढलेले, पायरेट्सचे खेळाडू आणि १९६० मध्ये लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले. हे त्यांचे टॉप्सचे पहिले कार्ड. १९५२ च्या पायरेट्सचा पूर्ण संच जमवायचा तर ते लागतेच आणि ते बुडालेल्या टप्प्यातले आहे.

१९५५ च्या मालिकेत क्रमांक १६४ वर रॉबर्टो क्लेमेंटे आले. पोर्तो रिको बेटावरचे, काळ्या वर्णाचे, स्पॅनिश बोलणारे. टॉप्सने १९५७ ते १९६९ या काळात त्यांच्या कार्डावर परस्पर ‘बॉब’ असे गोरे नाव छापले. ते स्वतःला रॉबर्टोच म्हणवून घेत. १९७१ मध्ये त्यांनी पायरेट्सना जागतिक मालिका जिंकून दिली. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांचे तीन हजार हिट पूर्ण झाले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला निकाराग्वा देशाच्या मानाग्वा शहरात भूकंप झाला. पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोहोचत नाही असे कानावर आले, म्हणून क्लेमेंटे ३१ डिसेंबरला सामान घेऊन स्वतः विमानात बसले. विमान समुद्रात कोसळले. त्यांचा देह मिळाला नाही. योगायोग असा, की भूकंप झाला त्याच २३ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये स्टीलर्सच्या फ्रँको हॅरिस यांनी शेवटच्या क्षणी चेंडू झेलून सामना जिंकला होता आणि शहर खुशीत होते. आठ दिवसांत त्याच शहरात मातम पसरला.

क्लेमेंटे यांची कार्डे आजही चढ्या भावाने जातात. पिट्सबर्गच्या घराघरात त्यांचे नाव कोणत्या कारणाने घेतले जाते हे जाणल्याशिवाय त्या भावाचा उलगडा होत नाही. खेळाडू पुष्कळ होऊन गेले. दुसऱ्याच्या मुसीबतीत जान दिलेला माणूस लोक विसरत नाहीत.

छापखाना थांबला नाही तेव्हा

आता या बाजाराची दुसरी बाजू पाहू. अनेक वर्षे बेसबॉल कार्डांवर टॉप्सची मक्तेदारी होती. फ्लिअर कंपनीने दावा लावला आणि १९८० च्या निकालानंतर, १९८१ मध्ये फ्लिअर आणि डॉनरस या कंपन्या मैदानात आल्या. १९८८ मध्ये स्कोअर, १९८९ मध्ये अपर डेक. याच सुमारास वर्तमानपत्रांत जुन्या कार्डांच्या भावाच्या बातम्या येऊ लागल्या. लोकांना वाटले, वडिलांच्या काळची कार्डे हजारो डॉलरला जातात, तर आजची कार्डे आपण जपून ठेवू, मुलांच्या शिक्षणाला कामी येतील. पेट्याच्या पेट्या न फोडता माळ्यावर गेल्या. मागणी दिसली तसे कंपन्यांनी छापखाने रात्रंदिवस चालवले.

पिट्सबर्गचेच उदाहरण घ्या. बॅरी बॉन्ड्स १९८६ ते १९९२ पायरेट्सकडे होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांची कार्डे याच काळातली. पुढे त्यांनी होमरनचा विक्रम केला, मात्र ताकदीच्या औषधांच्या प्रकरणात त्यांचे नाव बदनाम झाले. १९८७ च्या टॉप्स मालिकेतले, लाकडी चौकटीसारख्या कडेचे त्यांचे कार्ड इतके छापले गेले, की आज त्याची साधी प्रत थोड्याशा डॉलरांत मिळते. पेंग्विन्सचे यारोमिर यागर हे हॉकीतील सर्वकाळच्या थोर खेळाडूंपैकी एक. त्यांची पहिली कार्डे १९९०-९१ च्या हंगामात एकदम अनेक कंपन्यांनी काढली आणि ढिगाने काढली. खेळाडू अव्वल, कार्ड स्वस्त.

कारण सरळ आहे. १९५५ चे कार्ड दुर्मीळ झाले, कारण तेव्हा ते कोणी जपून ठेवले नाही. मुलांनी सायकलच्या चाकात लावले, आयांनी रद्दीत घातले. १९९० चे कार्ड प्रत्येकाने जपून ठेवले. ज्या मालाचा साठा प्रत्येकाच्या घरी आहे, तो पुढे विकायचा कोणाला? त्यात ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची जागतिक मालिका रद्द झाली आणि लोकांचे मन उठले. कित्येक दुकाने बंद झाली. अमेरिकेत आज या काळाच्या मालाला चक्क ‘कचरा’ म्हणतात.

बंधूंनो, आपल्याकडे एखादी डिझाइन चालली की गल्लीतला प्रत्येक माग तीच काढतो आणि तीन महिन्यांत भाव पडतो, हा अनुभव भिवंडीला आहे, मालेगावलाही आहे. भाव चढताना पाहून साठा करणाऱ्याने एकच सवाल स्वतःला करावा : माझ्यासारखे आणखी किती जण हेच करत आहेत?

कडा, काच आणि कात्री

कार्डाची किंमत दुर्मीळपणानंतर त्याच्या हालतीवर ठरते. चार कोपरे टोकदार आहेत का, चित्र मधोमध आहे का, कडा झिजल्या का, घडी पडली का. एकाच कार्डाच्या उत्तम आणि साध्या प्रतीत शंभर पटींचा फरक पडू शकतो. जिथे एवढा फरक, तिथे फसवणूक येणारच. कडा झिजल्या की कोणी कात्री चालवतो, कोपरे पुन्हा टोकदार होतात. १९७१ च्या टॉप्स बेसबॉल कार्डांची कड काळी आहे. ती लगेच खरचटते आणि पांढरी दिसते. काही जण तिथे काळी शाई लावतात. रफू केलेला कपडा कोरा म्हणून विकण्याचाच हा प्रकार.

ओळखण्याच्या युक्त्या जाणकारांकडे आहेत. पेंग्विन्सचे मारियो लेम्यू यांचे पहिले कार्ड १९८५-८६ चे, क्रमांक ९. कॅनडातील ओ-पी-ची कंपनीने काढलेली त्याची आवृत्ती जास्त मानाची. त्या कंपनीचे तक्ते तारेने कापले जात, म्हणून अस्सल कार्डाच्या कडा थोड्या खरखरीत असतात. नवख्याला सुबक, गुळगुळीत कड आवडते. जाणकाराला तिथेच संशय येतो. दुसरी युक्ती भिंगाची. जुन्या छपाईत चित्र रंगांच्या बारीक ठिपक्यांनी बनते, तर अक्षरांच्या रेषा भरीव असतात. अस्सल कार्डावरून नक्कल केली की अक्षरेही ठिपक्यांची होतात. आपण ताणा-बाणा मोजण्यासाठी जी काच वापरतो, तशीच काच यालाही पुरते.

ही पारख सगळ्यांना जमत नाही, म्हणून दर्जा ठरवून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. पीएसए ही १९९१ मध्ये सुरू झाली. ती कार्ड तपासून १ ते १० मध्ये दर्जा देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. तिने सर्वांत पहिल्यांदा दर्जा दिलेले कार्ड म्हणजे होनस वॅग्नर यांचेच. दर्जा ८, म्हणजे त्या कार्डासाठी फार उंच. हे कार्ड १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले होते. हात बदलत बदलत २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेले. बाजारात कुजबुज होतीच, की या कडा जरा जास्तच सरळ आहेत. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो नावाच्या बड्या लिलाववाल्याने लबाडीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि सांगितले, की ते कार्ड मी कापले होते. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली.

या प्रकरणाचा धडा दोन बाजूंनी आहे. सील आणि शिक्का म्हणजे कोणा माणसाचेच मत आहे, ते चुकू शकते. आपली नजर गहाण टाकू नये. आणि दुसरे, एवढी वर्षे झाली तरी ऐब लपत नाही. आपल्या हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढला आणि विक्रेत्याला जाब विचारला, ही हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ऐब असलेला माल विकायला मनाई नाही. ऐब दाखवून, त्या भावाने विका.

बंद पाकिटाचा सौदा

आजचा बाजार आणखी पुढे गेला आहे. जास्त छपाईने हात पोळलेल्या कंपन्या आता मुद्दाम टंचाई करतात. पाकिटात बहुतेक कार्डे साधी, आणि हजारो पाकिटांत एखादे नंबर टाकलेले, सहीचे, किंवा खेळाडूच्या कपड्याचा तुकडा बसवलेले. टॉप्स कंपनी जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्स या कंपनीने घेतली. पायरेट्सचे गोलंदाज पॉल स्कीन्स यांनी मे २०२४ मध्ये पहिला सामना खेळला तेव्हा त्यांच्या शर्टावर एक खास पट्टी शिवली होती. ती पट्टी आणि सही असलेले एकच कार्ड बनवून पाकिटात टाकले. २०२४ च्या नाताळात ते लॉस एंजेलिस भागातील अकरा वर्षांच्या मुलाला मिळाले. पायरेट्सनी कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली. घरच्यांनी नकार दिला. मार्च २०२५ मध्ये लिलावात ते ११ लाख १० हजार डॉलरला विकले गेले आणि पिट्सबर्ग परिसरातच मुख्य कचेरी असलेल्या डिक्स स्पोर्टिंग गुड्स या कंपनीने ते घेतले. शहराचे कार्ड शहरात परत आले.

बातमी त्या एका मुलाची छापून येते. ज्यांनी पाकिटांमागून पाकिटे फोडली आणि साध्या कार्डांचा ढीग घरात लावला, त्यांची बातमी होत नाही. याहून पुढची चाल म्हणजे हिस्सेदारीने पेटी फोडणे. दुकानदार कॅमेऱ्यासमोर पेटी फोडतो आणि आधीच एकेका संघाची जागा विकतो. पिट्सबर्गचा शौकीन पायरेट्सच्या जागेचे पैसे भरतो. पेटीत पायरेट्सचे जे निघेल ते त्याचे. काहीच निघाले नाही तर पैसे गेले. ज्या संघात नवा सितारा, त्याची जागा महाग.

जो माल हातात नाही, ज्याचे प्रमाण ठाऊक नाही, जो आहे की नाही हेही ठाऊक नाही, त्याच्या सौद्याला आपल्या फिक्हमध्ये गरर म्हणतात. पाण्यातला मासा आणि हवेतला पक्षी विकण्याच्या मिसाली मदरशात शिकवल्या जातात. संघाची जागा विकण्याचा हा सौदा ऐकून मला त्याच मिसाली आठवतात. मी आलिम नाही. पक्का मसला आपापल्या उलेमांना विचारावा. चित्रांचा संग्रह करण्याबाबतही त्यांचेच मत घ्यावे. परंतु व्यापारी म्हणून एवढे सांगतो, की या सौद्यात कायमचा नफा पेटी विकणाऱ्यालाच असतो. आपली मुलेही फोनवर असली पाकिटे फोडताना पाहतात. घरात विषय निघाला तर नुसते रागावू नका. त्यांना हिशेब मांडून दाखवा.

शहराचा संग्राहक कसा खरेदी करतो

मग या बाजारात टिकला कोण? माझ्या समजुतीप्रमाणे, आपल्याच शहराचा माल घेणारा शौकीन. त्याची रीत पाहा.

पहिले, तो आपली हद्द ठरवतो. कोणी फक्त पायरेट्स, कोणी १९७० च्या दशकातले स्टीलर्स, कोणी फक्त क्लेमेंटे. स्टीलर्सनी त्या दशकाच्या सहा हंगामांत चार सुपर बोल जिंकले, म्हणून तो काळ फार मागणीचा. टेरी ब्रॅडशॉ आणि जो ग्रीन यांची पहिली कार्डे १९७१ च्या मालिकेतली, हॅरिस यांचे १९७३ मधले. हद्द असली की पैसा पसरत नाही आणि नजर तयार होते.

दुसरे, तो बंद पाकीट घेत नाही. पाकिटे दुसरे फोडतात; तो हवे ते सुटे कार्ड, डोळ्यांनी पाहून, ठरलेल्या भावाने घेतो. सौदा साफ. दुसऱ्या शहराच्या माणसाला नको असलेली पिट्सबर्गची कार्डे तो घेतो आणि आपल्याकडची त्याची देतो. अदलाबदलीत दोघेही खूश.

तिसरे, तो यादी ठेवतो. कोणते आहे, कोणते नाही, कधी, काय भावाने घेतले. यादी असलेला माणूस एक वस्तू दोनदा घेत नाही आणि घाईत चढा भाव देत नाही.

चौथे, तो माल सांभाळतो. मऊ प्लॅस्टिकची थैली, त्यावर कडक आवरण. ऊन नाही, ओल नाही, रबरबँड तर कधीच नाही. रबर कडेला खाच पाडतो.

पाचवे, तो घरखर्चाचा आणि धंद्याच्या भांडवलाचा पैसा यात घालत नाही. २०२० मध्ये महामारीत लोक घरी बसले आणि भाव भडकले. मार्च २०२१ मध्ये पीएसएकडे कार्डांचा इतका ढीग साचला, की नवे काम घेणे बंद करावे लागले. मे २०२१ मध्ये कार्डांवरून दुकानाबाहेर हाणामारी झाल्यावर टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने विक्री थांबवली. नंतर भाव उतरले. कर्ज काढून घेतलेले बुडाले. आपल्या शहराचा संच लावणाऱ्याला विशेष फरक पडला नाही. उलट उतरत्या भावात त्याने राहिलेली कार्डे घेतली.

आपल्या गोदामातील टिकटे

आता आपल्या घरची गोष्ट. सिगारेटच्या पाकिटात कार्डे येत होती, त्याच जमान्यात मँचेस्टरहून मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चित्रांचे कागद चिकटवलेले असत. धंद्यात त्यांना टिकट, टीका किंवा छाप म्हणत. न वाचता येणारे गिऱ्हाईकही हत्ती, वाघ, राजा, परी पाहून आपला माल ओळखत असे. पुढे आपल्या देशी गिरण्यांनीही तीच रीत उचलली. काम कार्डासारखेच होते. माल विकण्यासाठी जोडलेला कागद. ताग्याचे कापड कधीच फाटून गेले. कागद कुठे कुठे राहिला. आज या टिकटांचे संग्राहक देशात आणि परदेशात आहेत, आणि २०२५ मध्ये बेंगळुरूच्या कला आणि छायाचित्र संग्रहालयात त्यांचे खास प्रदर्शन भरले होते.

आपल्यापैकी कित्येकांच्या जुन्या पेढ्यांत, वखारीत, वडिलांच्या चोपड्यांच्या गाठोड्यांत असे कागद असतील. नमुन्यांच्या वह्या असतील, बंद पडलेल्या गिरण्यांचे शिक्के असतील, हिमरू आणि लुंगीच्या जुन्या लेबलांचे गठ्ठे असतील. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. चिकटपट्टी लावू नका, कडा कापून सारख्या करू नका, ओल लागू देऊ नका. कोणाचा, कुठला, कोणत्या वर्षाचा कागद आहे हे वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर विचारून मागे पेन्सिलीने हलके लिहून ठेवा. लाखोंचा भाव येईल असे मी म्हणत नाही. पण कोणी जाणकार घ्यायला आला तर आपला माल काय आहे हे आपल्याला माहीत असेल, आणि कोणी आला नाही तरी आपल्या मोहल्ल्यात कोणते कापड विणले जात होते, याचा पुरावा घरात राहील.